परत आलेली सत्काराची शाल

“तू सत्काराला जाशील, पण तुला कुणी पांघरणार नाही,” भिवंडीच्या बाजारपेठेतल्या दुकानात माझ्या शेजारच्या साध्या चादरीने मला बजावलं होतं. मी नाक मुरडलं. म्हटलं, जळते बिचारी. मित्रांनो, जळणं म्हणजे काय, ते मला पुढे कळायचं होतं.

मी एक शाल आहे. वयाने जुनी, पण अंगाने कोरी. माझा जन्म इथल्याच एका लूमवर झाला. लूम चालवणारे चाचा सोबत्याला म्हणाले होते, “सत्कारवाला माल है, हलका चलेगा. ओढ़ता कौन है?” तेव्हा मला हिंदी कळत नव्हती, असं मी अजून स्वतःला सांगते.

शेलार गावात मी आले ती कमळाआजींच्या सत्काराला. आजी धवलारीण. म्हणजे लग्नात विधीबरोबर धवले गाणारी बाई. त्यांच्या आवाजाशिवाय आधी आसपासच्या गावांत लग्न लागत नसे. त्या दिवशी त्या शेजारच्या हळदीत गाऊन तशाच आल्या होत्या. गावच्या मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथशेठ यांनी मला त्यांच्या खांद्यांवर टाकलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आजींनी मला हात लावला आणि माझ्या काठावर बोटाएवढा पिवळा डाग पडला.

“अगो बाय, येवढी चांगली शाल!” त्या हळहळल्या. मी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत गेले आणि तिथून काचेच्या कपाटात.

कपाटासमोर आजींची खाट होती आणि खाटेवर ती. गोधडी.

काय होतं तिच्यात? रंग विटलेला, चार ठिकाणी ठिगळं. पण आजी तिच्याशिवाय झोपत नसत. तिचा टाका उसवला की चष्मा लावून, गुणगुणत शिवत बसत. बाळाला उन्हात घेऊन बसायचं तर गोधडी. मला कुणी पिशवीतून काढलंसुद्धा नाही. काचेआडून मी रोज मनात म्हणायची, फाट एकदाची, फाट!

बाळ म्हणजे आजींचं पणतवंड. आजींचा नातू देवेश आणि त्याची बायको भाविका यांचं. भाविका बी.ए. झालेली, हुशार, पण बाळाच्या बाबतीत भारी काळजीची. त्याला शिंक आली की थर्मामीटर. थर्मामीटर पिशवीत, पिशवी खांद्याला. आजी हसायच्या, “तो पोर हाय का बॉयलर?”

पुढे केसरीनाथशेठांची एकसष्टी आली. भाविका म्हणाली, “आजी, ही कोरीच आहे. हीच देऊ का?” डाग घडीच्या आत होता, कुणाला दिसला नाही. मी शेठच्या घरी गेले. तिथल्या कपाटात माझ्यासारख्या बावीस होत्या. सगळ्या पिशवीत. आम्ही एकमेकींशी बोलत नसू. काय बोलणार?

दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मला तबकात ठेवून टेमघरच्या एका एसी हॉलमध्ये नेलं. पुन्हा सत्कार! मी फुलून गेले. आता लग्नांत डीजे लागतो, धवले गायला कुणी बोलवत नाही, म्हणून मंडळाने जुन्या धवलारणींचा गौरव ठेवला होता. पहिलं नाव कमळाआजींचं. आणि माईकवर भाविका, कडेवर बाळ, खांद्याला ती पिशवी.

ती म्हणाली, “आपण आदर, आदर म्हणतो. हा शब्द संस्कृतातून आलाय. ‘दृ’ धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून तो झाला. मी काल शब्दकोश उघडला. तिथे मान हा अर्थ आहेच, पण लक्ष देणं, काळजी घेणं हेही त्याच शब्दात आहे.”

मी कान टवकारून ऐकत होते. त्या अर्थांत शाल कुठेच नव्हती. श्रीफळही नव्हतं. मला त्या शब्दाचा राग आला.

इतक्यात शेठनी मला आजींच्या खांद्यांवर टाकलं. आणि काय सांगू मित्रांनो! आजींनी मला दोन्ही हातांनी गच्च ओढून घेतलं. त्यांचं अंग किती ऊबदार होतं! मला वाटलं, हाच तो आदर. बघ गं गोधडे, शेवटी मीच जिंकले!

“फोटो झाला? शाल काढा, घडी करा, पुढचं नाव घ्या,” शेठ घाई करत होते. आजी मला सोडेनात. लोक हसले. भाविका हसली नाही. ती आजींच्या ओठांकडे बघत होती. ते थरथरत होते. तिने माईकसकट पुढे होऊन आजींच्या मानेला हात लावला.

“आजी! अंग भाजतंय तुमचं!”

“काय न्हाय गो. परवापासून जरा कणकण हाय.”

“परवापासून? मग बोलला का नाहीत?”

“तू शब्द शोधत होतीस. बाळाचंही बघत होतीस. कशाला मधी मधी?”

माईक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं. भाविकाने बाळाच्या पिशवीतून थर्मामीटर काढला. एकशे तीन. म्हणजे मी जिला आदराची ऊब समजत होते, तो ताप होता. इतक्या जवळ असूनही मला कळलं नव्हतं.

देवेश धावत गाडी आणायला गेला. उठताना आजींना माझा काठ दिसला. “आणि केसरीनाथ, ही शाल माझीच हाय रं. माझ्याच हलदीचा डाग!” हॉल हसला. शेठ मात्र पुढे आले आणि त्यांनीच आजींना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठलाय, आणखी दोन दिवस गेले असते तर जड गेलं असतं.

घरी येताच आजींनी गोधडी मागितली. ती पांघरताना भाविकाने विचारलं, “ही कशाची शिवली हो?”

“लग्नांतल्या पातलांची. धवले झाले की नवरीची आय स्वताच्या हातानं नेसवायची, पोटभर जेवू घालायची, मंग सोडायची.”

म्हणजे एकेका ठिगळामागे एकेक घर होतं, जिथे आजींच्या पोटाची कुणीतरी विचारपूस केली होती. मग मी कशाच्या बळावर तिच्याशी भांडत होते?

आजी अजून कुडकुडत होत्या. भाविकाने मला गोधडीवर पसरलं.

“ऱ्हाऊ दे, खराब व्हल ती.”

“होऊ दे, आजी.”

आता आजी बऱ्या आहेत. मी रोज पांघरली जाते. माझ्यावर औषधाचे, चहाचे डाग आहेत. तरी हेवा गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? अंगाला ती लागते, मी तिच्यावर.

मित्रांनो, माझ्या बावीस बहिणी पिशव्यांत आहेत, त्यांना बाहेर काढा. पण ते नंतर. आधी ही गोष्ट बाजूला ठेवा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, ज्यांना सगळे वाकून नमस्कार करतात अशा कुणाकडे तरी जा. कपाळाला हात लावून बघा. “काय न्हाय” म्हणाले, तरी लावा.