पूरक वाचन, क्रमांक सतरा

एकोणीसशे अडुसष्ट साल. हिवाळा सरत आला होता. त्या आठवड्यात मला खोक्यातून बाहेर काढून एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मी टाईपरायटर. वजन पंधरा किलो. माझ्या अंगावर सगळी अक्षरं आहेत, पण मी शिकलेला नाही. वाचणं वेगळं आणि उमटवणं वेगळं. मी उमटवलं. एकही ओळ वाकडी गेली नाही, एवढं मी छाती पुढे काढून सांगेन.

मला आणणारी बाई इस्पितळात नर्स होती. चाळिशीची, एकटी. कामावरून यायची, पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि बोटं माझ्यावर ठेवायची. दोन वर्षांत तिने तीनशे बारा पानं लिहिली. कादंबरी एका नर्सचीच होती. जादा पाळीचा मोबदला मागते, वरच्यांशी भांडते आणि हरते. बाई जोरात टाईप करायची. रागाच्या ओळीला कागदाला भोक पडायचं.

प्रकाशक घरी आला. पानं चाळून म्हणाला, "बाई, यात रडणं फार कमी आहे हो."

"वॉर्डात रडायला वेळ नसतो," ती म्हणाली.

त्याने पाचशे प्रती छापल्या. दोनशे कुठेकुठे गेल्या. उरलेल्या तीनशे प्रती गठ्ठ्यांत बांधून परत आल्या आणि पलंगाखाली गेल्या. त्यानंतर बाईने माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. माझ्यावर टेबलक्लॉथ पडला, त्यावर भाजीची टोपली आली. मला ते लागलं. यंत्राला अपमान कळत नाही असं समजू नका.

शेजारी एक मुलगी होती. वडील गेलेले, भावंडं लहान. ती माझ्यावर टायपिंग शिकली. एका कॉलेजात टायपिस्टची जागा निघाली. काम मिळणार होतं, पण कॉलेज नवं, त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. स्वतःचं असेल तर या, म्हणाले.

"घेऊन जा," नर्सबाई म्हणाली.

"मावशी, पैसे मी हप्त्याहप्त्याने..."

"पैसे कोणी मागितले? माझं पुस्तक कुणी एकाने शेवटपर्यंत वाचलं की फिटलं."

"मी वाचलंय की!"

"तू नाही चालणार. तू माझ्या उपकाराखाली आहेस. तू चांगलंच म्हणशील."

अशा बोलीवर मी कॉलेजात गेलो.

ऑफिसात माझी जागा खिडकीशी होती. मागे प्लायवूडची भिंत. तिच्यापलीकडे भाषा विभागाच्या बैठका व्हायच्या. दर पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदलायचा आणि तो प्रती काढायच्या मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, मीच कापायचो. तेव्हा कोणतं पुस्तक कसं लागतं ते मला कुणी शिकवायला नको.

पुरुषांची नावं ठरायला चार तास लागायचे. आवाज चढायचे, खुर्च्या सरकायच्या, एकदा एक जण राजीनामा लिहायला बसला. मग चहा यायचा. चहा पिता पिता विभागप्रमुख म्हणायचे, "बरं, बायकांपैकी एक घ्या."

एकच. त्या जागेवर एक आली की आधीची जायची.

मी कॉलेजात आल्यावर पहिल्या खेपेला एक कवयित्री लागली. नवऱ्याच्या मरणावर लिहिणारी. स्वतःही वारलेली, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. पुढच्या खेपेला आईच्या आठवणींचं एक पुस्तक आलं. विभागातले एक सर कविता करायचे, ते कवी सर म्हणाले, "ऐंशी पानांत आटोपतं. पोरांनाही बरं, आपल्यालाही बरं." त्यापुढे जी आली तिचं गाईड बाजारात तयार होतं. एवढीच तिची पात्रता.

बैठकीत एक प्राध्यापिका असायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. टायपिस्टने एकदा धीर करून नर्सबाईचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मॅडमनी घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"चांगलं दिसतंय. पण माझ्या शब्दाला एकाच नावापुरती किंमत आहे तिथे. दुसरं नाव काढलं तर माझं पहिलंही उडेल."

"प्रयत्न तरी करा ना, मॅडम."

"पूरक वाचनात घालते."

पूरक वाचन म्हणजे यादीच्या शेवटची छोट्या अक्षरातली ओळ. तिथलं पुस्तक कुणी विकत घेत नाही, ग्रंथालय मागवत नाही, परीक्षेला येत नाही. नर्सबाईचं पुस्तक तिथे सतराव्या क्रमांकावर बसलं. दोन अभ्यासक्रम मी ते तिथेच उमटवलं. दर वेळी टायपिस्टची बोटं त्या ओळीशी थांबायची. घरी भेटली की नर्सबाई काही विचारायची नाही. तेच वाईट. विचारलं असतं तर सांगता तरी आलं असतं.

एकोणीसशे शहाण्णव साल आलं. ऑफिसात कॉम्प्युटर येणार होता. म्हणजे हा माझा शेवटचा अभ्यासक्रम. हातांनी लिहिलेला कच्चा मसुदा टायपिस्टच्या पुढे होता. नेमलेली पुस्तकं आठ, त्यांत बाई एक. पूरक वाचन क्रमांक सतरा जिथल्या तिथे.

तिने स्टेन्सिल चढवला. आठवं पुस्तक टाईप केलं. मग माझा रोलर एक ओळ पुढे सरकवला आणि नऊ हा आकडा मारला.

सगळं आयुष्य मी दिलं ते उमटवलं. तेव्हा प्रथमच मला वाटलं, आज अक्षर फुसकं उमटायला नको. मी जोर लावला.

कागदावर विभागातल्या पाचही जणांनी सह्या केल्या. कुणी वाचला नाही. वाचून सही करायची त्या विभागात पद्धतच नव्हती.

छापील यादी आली तेव्हा प्लायवूडच्या भिंतीपलीकडे खुर्ची कुरकुरली. विभागप्रमुखांचा आवाज.

"दोन बायका कशा आल्या?"

कवी सर खाकरले. "म्हणजे काय सर, विसरलात? मीच तर आग्रह धरला होता."

"तुम्ही वाचलीय?"

"दोनदा."

विभागात आणखी एक चष्मेवाले सर होते, ते मागे राहतात होय! "भाषा जरा खडबडीत आहे, पण कादंबरी महत्त्वाची. अतिशय महत्त्वाची."

"हो हो, महत्त्वाची आहेच," विभागप्रमुख म्हणाले. "मी फक्त विचारलं."

मॅडम थोड्या वेळाने ऑफिसात आल्या, टायपिस्टच्या टेबलावर एक सफरचंद ठेवलं आणि गेल्या. त्यांनीही तोवर पुस्तक वाचलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

पुस्तकविक्रेत्याने नर्सबाईच्या पलंगाखालचे गठ्ठे नेले. निम्मे खपले. बाकीच्या पोरांनी गाईड घेतलं. ते कवी सरांनीच लिहिलं होतं, पुस्तकाच्या पाठीवरच्या सहा ओळी वाचून. त्या ओळी प्रकाशकाच्या. त्यांत 'मातृहृदय' असा एक शब्द होता.

वर्ष सरलं, प्रश्नपत्रिका आली. तीही गुप्त म्हणून माझ्याकडेच. कॉम्प्युटरवर अजून कुणाचा भरवसा नव्हता. प्रश्न चौथा: या कादंबरीतील आईच्या त्यागाचे चित्रण करा. गुण सोळा.

त्या कादंबरीत आई नाही. तीनशे बारा पानं माझ्यातून गेली आहेत, मला माहीत. टायपिस्टने हात मांडीवर ठेवले. एकदा यादीत हात घातला होता, दुसऱ्यांदा सापडली असती. तिने प्रश्न होता तसा मारला. माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात घाण ओळ. सरळ उमटली, तरी घाण.

दीडशे पोरांनी आईच्या त्यागावर तीन-तीन पानं लिहिली. गाईडमधून. चांगले गुण पडले.

निकालानंतर पंधरा दिवसांनी एक मुलगी ऑफिसात अर्ज घेऊन आली. चपलेचा अंगठा शिवलेला, आवाज मात्र खणखणीत.

"फेरतपासणी करून झाली. पुन्हा शून्यच दिलंय. आता कुणाकडे जायचं?"

"काय लिहिलं होतंस?" टायपिस्टने विचारलं.

"लिहिलं की या कादंबरीत आई नाही. प्रश्न चुकलाय. आणि जे आहे ते लिहिलं, चार पानं. सर म्हणतात, आगाऊपणा कमी कर."

टायपिस्ट उभी राहिली. "अर्ज राहू दे. माझ्याबरोबर चल. आणि याची एक बाजू धर."

माझी नोंद कॉलेजच्या सामानात कधीच नव्हती. मी उसना होतो. दोघींनी मला उचललं.

तेच टेबल. नर्सबाई सत्तरीला टेकलेली, पाय सुजलेले, पाण्याचं घमेलं तसंच. मला पाहून तिने टोपली बाजूला सारली. मुलीने सगळं सांगितलं.

"किती दिले?"

"सोळापैकी शून्य, आजी."

"शेवटपर्यंत वाचलंस?"

"हो."

"सगळेच हो म्हणतात. शेवटी ती काय करते?"

"टोपी धुते, इस्त्री करते, मेट्रनच्या टेबलावर ठेवते आणि निघून जाते." मुलगी थांबली. "मला नाही पटलं ते."

टायपिस्टने तिचा हात दाबला. मुलीने तो सोडवून घेतला.

"का नाही पटलं?" नर्सबाईने विचारलं.

"बाकीच्या नर्सांचं काय? त्या तिथेच होत्या ना. हिने टोपी ठेवली, मोकळी झाली. मी असते तर गेले नसते."

नर्सबाईने घमेल्यातून पाय बाहेर काढले.

"मलाही नव्हतं पटलं," ती म्हणाली. "दमले होते म्हणून तसं लिहिलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही."

मग टायपिस्टकडे वळून म्हणाली, "पोरी, फिटलं."