डाव्या तळहातावरचं चॉकलेट

चकलांब्याच्या मंगल कार्यालयात त्या थंडीतल्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं. मधुमुक्त महाराज चॉकलेट देऊन लोकांचा साखरेचा आजार घालवत होते. व्यासपीठावर तांब्याचा हंडा ठेवला होता आणि बरे झालेले भक्त त्यात आपल्या गोळ्यांची पाकिटं टाकत होते. हंडा निम्मा भरला होता.

"शुगर म्हंजी वासना!" महाराज माइकवर गरजले. "वासना गरम, म्हणून चॉकलेट वितळतं. वासना गेली की वडी जशीच्या तशी!"

परीक्षा डाव्या तळहातावर व्हायची. पूजेला इष्टलिंग याच तळहातावर घेतात, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या लिंगायत घरांना शंका घ्यायची सोयच नव्हती. पहिल्या खेपेला वडी वितळायची, म्हणजे आजार आहे. मग महाराजांच्या चॉकलेटचा डबा घ्यायचा. डबा संपवून आलं की वडी वितळत नसे.

विमलबाईंचा डबा संपला होता. त्यांच्या तळहातावर वडी ठेवली, सगळ्यांनी 'ॐ नमः शिवाय' म्हटलं, वडी तशीच राहिली. विमलबाईंनी गोळ्या काढून हंड्यात टाकल्या. शेजारी बसलेली सून, रुद्राणी, मात्र वडीकडे निरखून पाहत होती.

रुद्राणीनं सासूसाठी घरी कमी साखरेचं चॉकलेट करून पाहिलं होतं. कोको पावडर, खाण्याचं खोबरेल तेल आणि थोडा खजूर. वाटीत झकास गोठलं, पण हातात घेतलं की पाघळायचं. "हे चॉकलेट चमच्यानं प्यायचं का?" म्हणून नवरा संगमेश कितीतरी दिवस हसत होता. आता शेजारच्या नव्या रुग्णाच्या हातावर वितळलेल्या वडीला तोच खोबऱ्याचा वास येत होता. सासूबाईंच्या वडीला तो नव्हता. शिवाय नव्यांची वडी तांब्याच्या ताटातून यायची आणि बऱ्या झालेल्यांची चांदीच्या.

घरी विमलबाईंना सारखी तहान लागू लागली. टाचेला झालेली जखम चिघळली.

"आत्या, पाया पडते, गोळी घ्या," रुद्राणी सासूला विनवायची.

"गोळी कावून घ्यायची? ह्या हातावर देव बसतो. हात खोटं बोलंल का?"

हाताशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रुद्राणीनं हातालाच साक्षीला घ्यायचं ठरवलं. तिनं एकाच साच्यात दोन घाणे केले, एक खोबरेल तेलाचा, दुसरा वनस्पती तुपाचा. पहिला हातावर पाघळला, दुसरा ढिम्म राहिला.

पुढच्या सोमवारी महाराजांनी विमलबाईंना साक्षीसाठी वर बोलावलं. मागोमाग रुद्राणीही चढली.

"महाराज, आज आत्यांच्या दोनी हातांवर ठेवू का? दोनी ताटांतली एकेक?"

महाराज नको म्हणेपर्यंत लोकांनीच "ठेवा, ठेवा!" असा गलका केला. दुप्पट चमत्कार कुणाला नको असतो?

डाव्या हातावरची तांब्याच्या ताटातली वडी वितळून मनगटाकडे ओघळली. उजव्या हातावरची चांदीच्या ताटातली जागची हलली नाही.

विमलबाईंनी दोन्ही हात आळीपाळीनं पाहिले. "महाराज, मंग शुगर माझ्या डाव्याच अंगात हाय का?"

"उजवा हात कर्माचा असतो, माई..."

रुद्राणीनं सासूचे हात पुसले आणि दोन्ही ताटांतल्या नव्या वड्या हात बदलून ठेवल्या. आता उजवा हात बरबटला. महाराजांनी माइक बिघडल्याचं जाहीर केलं. माइक चालू होता.

"थंडीत आपली तेलाची बाटली गोठती," रुद्राणी त्याच माइकवर म्हणाली, "हातात धरली की पाघळती. तिला शुगर हाय का? ह्या ताटात खोबरेल हाय, त्या ताटात वनस्पती तूप. एवढाच चमत्कार!"

"तुझ्या चॉकलेटनं जाती का गं शुगर?" मागून एकीनं विचारलं.

"न्हाई. त्यो खाऊ हाय, औषध न्हाई. खजुरात बी साखर असती. रक्तातली साखर रक्त तपासूनच कळती, आन् गोळी बंद करायची का ते डॉक्टरला विचारायचं. देवाला माना, पण कुणी देवाच्या नावानं गोळी सोडायला सांगितली तर आधी त्याची दोन ताटं बघा."

विमलबाई हंड्यात वाकून आपली पाकिटं शोधू लागल्या. त्यांच्यामागे रांग लागली, आणि आज ती उलट्या दिशेची होती.

गेवराईच्या दवाखान्यात साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी जखम धुतली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणखी उशीर झाला असता तर पायावर बेतलं असतं, असंही सांगितलं. रुद्राणीला तिथंच रडू फुटलं.

पुढच्या तपासणीला नर्सनं हात मागितला, तेव्हा विमलबाईंनी डावी मूठ पदराखाली घेतली आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"तळहात देवाला ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "शुगरला बोट बास हाय."