जवळची खूण

मटार सोलता सोलता पमाताईचा उजवा हात भिंतीत गेला. ती रोजच्यासारखी हॉलमध्ये, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला टेकून, मांडीवर परात घेऊन बसली होती. जरा नीट बसावं म्हणून तिनं हात मागे टेकला, तो कोपरापर्यंत आत. भिंतीला तडा गेला नाही, रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. ताई म्हणाली, "बेबी, परात धर गं, सांडेल." मी परात धरली.

साठी उलटली तरी मी बेबीच आहे. तसं म्हणणारी आता ताई तेवढी उरली आहे.

"हात निघत नाही का?" मी विचारलं.

"निघत असता तर तुला कशाला हाक मारली असती?"

मी तिच्या डाव्या काखेत हात घालून जोर लावला. भिंतीनं सोडायचं तर राहिलंच, उलट तिचा खांदाही घेतला. "ओढू नकोस," ताई म्हणाली. "ओढलं की ती जास्त घेते. दुखत नाहीये. नुसतं गार लागतंय." मी ओढायचं सोडलं. भिंत मात्र थांबली नाही, तिच्या गतीनं घेत राहिली.

माझा फोन सकाळीच बादलीत पडला होता आणि आता वाळायला तांदळाच्या डब्यात होता. सगळी कॉलनी पत्कींच्या मुलीच्या लग्नाला गेलेली. दुसरा मजला चढवून पत्कींनी आमचं ऊन अडवलं, तेव्हापासून आमचं त्यांच्याशी बोलणं नाही, म्हणून आम्ही दोघीच मागे राहिलेलो. मी दारातून दोन हाका मारून पाहिल्या. कोणी ओ दिली नाही.

ताईचा फोन टीपॉयवर होता. तो तिच्या उजव्या अंगठ्यानं उघडतो, आणि उजवा अंगठा भिंतीत.

"आकडे काय आहेत?"

"कसले आकडे?"

"फोन उघडायचे!"

"मला काय माहीत. सुहृदनं घालून दिले होते. मी आपला अंगठा लावते."

सुहृद आमचा भाचा, पुण्याला असतो. त्याचा नंबर फोनच्या आत होता आणि फोनला कुलूप. ताईचा डावा अंगठा लावून पाहिला. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. कुलपाच्या चित्राखाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपत्कालीन कॉल'. इतकी वर्षं मी ते बघत आले होते. मला वाटायचं कंपनीचं नाव असेल. मी त्यावर बोट ठेवलं.

"आपत्कालीन सेवा. बोला." तरुण मुलाचा आवाज होता, अगदी शांत.

"माझी बहीण भिंतीत जातेय."

"किती गेली?"

"खांद्यापर्यंत. आता कंबरेलाही लागलीय."

"श्वास चालू आहे का?"

"माझ्यावर डाफरतेय."

"म्हणजे चालू आहे. गाडी निघाली, मॅडम. कुठे यायचं?"

मी पत्ता सांगायला लागले. कॉलनी, गल्ली, प्लॉट नंबर. त्यानं मला मधेच थांबवलं. "आपण लॉक केलेल्या फोनवरून बोलताय. लॉक फोनवरून पत्ता घेता येत नाही. फक्त जवळची खूण घेता येते."

मला ते पटलं. अडचण एवढीच की आमच्या घरात खुणा सांगायचं काम ताईचं. रिक्षावाला असो, गॅसवाला असो, मी तोंड उघडलं की ती म्हणते, तू गप्प बस, तू माणसाला भलतीकडेच धाडशील. मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि जे सगळ्यात उंच दिसलं ते सांगितलं. "पाण्याची टाकी."

"टाकी मिळाली. गाडी टाकीपाशी आलीय. पुढची खूण सांगा."

लांबून सायरन ऐकू आला आणि माझ्या जिवात जीव आला. मी पुन्हा बाहेर बघितलं. टाकी नव्हती. तिच्या जागी आभाळ होतं.

"टाकी कुठं गेली?"

"आता गाडीच्या आजूबाजूला काहीच नाही, मॅडम. म्हणून तर पुढची खूण हवी."

"पिठाची गिरणी," मी म्हणाले.

"कुठली गिरणी?" ताई भिंतीतून ओरडली. "गिरण्या दोन आहेत! शिरोडकरांची सांग, मारुतीजवळची नको!"

"शिरोडकरांची गिरणी," मी सांगितलं. गिरणीची घरघर दिवसभर चालू असते आणि आमचं तिकडे लक्ष नसतं. ती एकदम थांबली तेव्हा लक्ष गेलं. सायरन आणखी जवळ आला.

"अहो, गिरणीत माणसं होती!"

"माणसांच्या चौकशीसाठी वेगळा नंबर आहे. लॉक फोनवरून तो लागत नाही. पुढची खूण?"

शिरोडकर भला माणूस, दळण उशिरा नेलं तरी कधी बोलायचा नाही. पण समोर ताईची उजवी मांडी भिंतीत चालली होती. लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मला ताई हवी होती.

मग मला वाटलं आपण डोकं चालवावं. मुळात जे नाहीच तेच सांगावं, म्हणजे कुणाचं काही जाणार नाही. आमच्याकडचं जुनं टॉकीज पाडून तिथं गाड्या लावायची जागा झाली, त्याला एक जमाना लोटला. पण अजूनही सगळे 'टॉकीजसमोर' असंच सांगतात. मी म्हणाले, "जुनं टॉकीज."

"मिळालं," तो म्हणाला. बाहेर काही हललं नाही. सायरन मात्र कोपऱ्यावर आल्यासारखा मोठा झाला. माझी मीच पाठ थोपटून घेतली. तेवढ्यात ताई म्हणाली, "बेबी, आण्णांनी आपल्याला पहिला सिनेमा कुठं दाखवला गं?"

मी आठवायला गेले. आण्णांचं बोट आठवलं, शेंगदाण्यांची पुडी आठवली. त्यांच्या पुढे नुसतं पांढरं होतं. सिनेमा कुठला, आम्ही कुठं बसलो, काही नाही.

"असू दे," ताई म्हणाली. तिचा उजवा कान आत गेला होता. बाहेरच्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी पदरानं पुसलं.

"पुढची खूण?"

"पत्कींचा बंगला," मी म्हणाले. सांगताना मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बंगला गेला. किती वर्षांनी हॉलमध्ये ऊन आलं आणि सरळ ताईच्या गालावर पडलं.

"ऊन आलं," ती म्हणाली.

"आलं."

आम्ही दोघी क्षणभर त्या उन्हाकडे बघत राहिलो. मग भिंतीनं तिचा गुडघा घेतला.

बाहेर आता रस्ता राहिला नव्हता. धुतलेल्या पाटीसारखी कोरी जमीन कंपाउंडपर्यंत आली होती. सायरन कानठळ्या बसवत होता, तरी गाडी दिसत नव्हती. मी कढीपत्त्याचं झाड सांगितलं. मी फाटक सांगितलं. प्रत्येक वेळी तो "मिळालं" म्हणायचा आणि मी बाहेर बघायचं टाळायचे. ताईचा डावा हात तेवढा मी घट्ट धरून ठेवला होता. फोन दुसऱ्या हातात होता आणि तापला होता.

"गाडी घरापाशी आहे. आत कुठून यायचं?"

"दारातून या ना! दार उघडंच आहे."

शब्द तोंडातून गेला तेव्हा कळलं. दार नव्हतं. दाराच्या जागी भिंत आपली सरळ पुढे गेली होती, त्याच फिकट पिवळ्या रंगाची.

"मूर्ख आहेस," ताई म्हणाली. तिला आता तोंडाच्या एकाच बाजूनं बोलावं लागत होतं. "खिडकी तरी सांगू नकोस."

पण मी त्याच वेळी घाबरून फोनवर ओरडत होते, की खिडकी आहे, खिडकीचे गज कापा. खिडकी गेली. ऊन गेलं. आतलं सगळं तरीही दिसत होतं, उजेड कुठून येतोय ते मात्र कळत नव्हतं. हॉल आखडला. टीपॉय माझ्या पोटरीला लागला आणि समोरची भिंत पाठीला. मी तसूभरही मागे सरकू शकत नव्हते.

सायरन थांबला. भिंतीच्या पलीकडे इंजिन चालू असल्याचं ऐकू येत होतं, इतकं जवळ की भिंतीला लावलेलं कॅलेंडर थरथरत होतं.

"गाडी अगदी लागून उभी आहे, मॅडम," तो म्हणाला. "मधे काय आहे तेवढं सांगा."

मी ताईकडे बघितलं. अर्धा चेहरा बाहेर होता, एक डोळा, आणि माझ्या हातातला तिचा हात. मधे काय आहे, हा प्रश्न तिलाही ऐकू गेला होता.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू? तू तिच्यात आहेस."

"म्हणूनच सांग."

"टाकी गेली. शिरोडकर गेले. तुझं काय होईल?"

"नाही सांगितलंस तर काय होईल ते दिसतंच आहे की. बेबी, आयुष्यभर मी तुला खुणा सांगू दिल्या नाहीत. आता सांग."

"मला नाही जमणार."

"मॅडम," फोन म्हणाला, "पेशंटकडे वेळ नाही."

नाकपुडी आत गेली. ताई श्वास घ्यायला धडपडू लागली आणि तिची नखं माझ्या तळहातात रुतली. मला रडू फुटलं. मी तिला सांगितलं की माझं तुझ्याशिवाय कुणी नाही, तू असं करू नकोस. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, कारण तोवर दुसरा कानही चालला होता. मग मी डोळे मिटले आणि फोनमध्ये म्हणाले, "भिंत."

वारा अंगावर आला. ताईचा हात माझ्या हातातच होता, गरम होता. मी डोळे उघडले.

भिंत नव्हती. घरही नव्हतं. चारी बाजूंना ती कोरी जमीन होती, आणि भिंतीच्या जागी, तिच्याच रेषेत, पांढरी गाडी उभी होती. तिच्या पत्र्यातून ताईचा डावा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. बांगडी पत्र्याला लागून किणकिणत होती.

वरची काच सरकली. खाकी शर्टातल्या माणसानं डोकं बाहेर काढलं. "पेशंट आत आहे. एक हात तेवढा बाहेर राहिलाय."

"बरी आहे ना? बोलतेय का?"

"श्वास कमी आहे. ताबडतोब दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"मग न्या ना! थांबलात कशाला?"

ड्रायव्हर खाली उतरला. कपाळावर हात धरून त्यानं एकेक दिशा बघितली. रस्ता नाही, खांब नाही, क्षितिजावर एक झुडूपसुद्धा नाही. तो माझ्याजवळ आला. तो मघाच्याच शांत आवाजात बोलला, आणि तेच शब्द फोनमधूनही आले.

"दवाखाना कुठं आहे, मॅडम? जवळची खूण सांगा."

मला दवाखाना चांगला माहीत होता. ताईच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्ही तिथंच गेलो होतो. त्याचा जिना, हिरवे पडदे, दारातला शहाळीवाला, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"लवकर," खिडकीतला माणूस म्हणाला.

मी तोंड उघडलं. ताईचा हात माझ्या हातातून सुटला, चाचपडत वर आला, हनुवटीला लागला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून माझ्या तोंडावर गच्च बसला.