डाव्या कडेचं बटण

कारखान्यातून पहिले सहा नमुने आले. तिने खोकं उघडलं, एक नमुना डाव्या हातात घेतला आणि तिचा अंगठा गुळगुळीत कडेवरून घसरला. डाव्या कडेला बटण नव्हतंच. ते उजव्या कडेला होतं, पार खाली, करंगळीपाशी.

‘यंत्राचं चित्र तिकडे उलटं छापलं असणार,’ ती मनाशी म्हणाली. कारखानेवाले असे घोळ घालतात. तिला जवळजवळ हसू आलं.

हे मदतीचं यंत्र होतं. ज्यांचा फक्त डावा हात चालतो, त्यांच्यासाठी. बटण दाबलं की घरच्या तिघांना एकदम फोन जाणार. तिचं काम होतं मॉडेल बनवायचं: दाट फोम कोरून, आत लोखंडी छर्रे भरून, खऱ्या यंत्राच्या वजनाचं. वजनाचा आकडा भाऊजींनी दिला होता. भाऊजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. आतलं सर्किट त्यांचं. कुठला भाग कुठे बसणार हे तिने सुरुवातीलाच विचारलं होतं. “ते माझ्यावर सोड, तू अंगठ्यांचं बघ,” असं ते म्हणाले होते आणि तिने सोडलं होतं. घरचा माणूस, त्याच्याकडे नकाशा कसला मागायचा?

मग तिने एक्केचाळीस जणांचे अंगठे मोजले. अपघातानंतर ताईचा उजवा हात गेला होता आणि डाव्यात जोर उरला होता तो अंगठ्यातच. पहिलं माप ताईचं. प्रत्येकाला तिने सांगितलं होतं, “बटण तुमच्या अंगठ्याखालीच येईल. माझा शब्द.”

तिने स्क्रूड्रायव्हर घेऊन नमुना उघडला.

चित्र उलटं छापल्याची चूक नव्हती. डावीकडे वरपासून खालपर्यंत चपटी बॅटरी पसरली होती. बॅटरीवर रोज दाब पडू द्यायचा नसतो, म्हणजे तिथे बटण बसणार नव्हतं. वर अँटेना, तो बोटांनी झाकून चालत नाही. उरला होता उजवा खालचा कोपरा, नखाएवढा. कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरांत सर्किटची तारीख होती. तिने आपली वही काढली. पहिला अंगठा मोजला, त्याच्या सात आठवडे आधीची.

उघडा नमुना हातात घेऊन ती उठली.

भाऊजी चाचणीच्या खोलीत तारा डाग देऊन जोडत बसले होते.

“आलीस? कसे आहेत नमुने? फर्स्ट क्लास ना?”

“हे सर्किट कधीचं आहे, भाऊजी?”

त्यांनी तापलेली सळई स्टँडवर ठेवली. “उघडलंस वाटतं.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“अगं, सर्किट बदलणं म्हणजे काय शर्ट बदलणं आहे? बॅटरी लहान केली तर दिवसभर टिकत नाही. अँटेना हलवला तर रेंज जाते. बटणाला उरते ती जागा उरते.”

“तेच सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं, तर तू मॉडेलही तसंच केलं असतंस. वरच्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवलं असतं. तुझं मॉडेल बघून तर सगळं मंजूर झालं!”

“म्हणजे मी खेळणं बनवत होते.”

“बनवलंस मात्र झकास.” ते हसले. ती हसली नाही. मग त्यांनी घसा खाकरला. “पुढच्या वेळी बघू ना. होते सवय लोकांना.”

“ताईला होईल?”

त्यांनी नमुना पास करायचा फॉर्म पुढे सरकवला. त्यांची सही आधीच झाली होती. तिथली पद्धत अशी: मॉडेल आणि नमुना एका कापडी पिशवीत घालायचे, आत हात घालून चाचपायचं, आणि कुठलं कुठलं ते ओळखता आलं नाही तरच पास म्हणून सही करायची.

“या वेळी पिशवी राहू दे,” भाऊजी म्हणाले. “नुसती सही कर.”

फॉर्म घेऊन ती जिन्यात आली आणि तिने ताईला फोन लावला. तिने सगळं सांगितलं.

“तुझा अंगठा तिथे पोचणार नाही, ताई.”

“मला माहीत होतं गं.”

“काय माहीत होतं?”

“ह्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, तिला बोलू नकोस, तिचा हुरूप जाईल.”

“दर रविवारी माझ्यासमोर बसून अंगठा ठेवून दाखवायचीस तू! ‘अजून जरा वर घे,’ म्हणायचीस!”

“तू इतकी खुशीत असायचीस... आणि दिवसातून दहा वेळा हेच मला उठवतात, बसवतात. त्यांच्याविरुद्ध मी कुठल्या तोंडाने बोलू? तूच सांग.”

भाऊजींवर चिडता येत होतं. ताईवर चिडताही येईना, आणि तेच जास्त लागलं. “जेवलीस का?” असं ताईने विचारलं, तेव्हा तिने फोन ठेवला.

टेबलाशी येऊन तिने फॉर्म पुढे ओढला. पिशवीची गरज नव्हती. निकालाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत. नापास.’ खाली सही केली. एका सहीने काम काही दिवस अडेल, कायमचं थांबणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मग तिने अंगठ्यांची यादी काढली. ताईची ओळ सोडली आणि पुढचा नंबर लावला. एक म्हातारे घड्याळजी होते. दोन बस बदलून माप द्यायला आले होते.

“बटण तिथे येत नाहीये, काका. उजवीकडे खाली गेलंय.”

“खाली कुठे?”

“करंगळीपाशी.”

“करंगळी तर माझी हलत नाही. मोजलंत ना तुम्ही?”

“मोजलं होतं.”

“मग?”

भाऊजींचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. “आत काय बसणार ते न बघताच मी तुम्हाला शब्द दिला,” ती म्हणाली.

“कमाल आहे बाई तुमची,” घड्याळजी म्हणाले. “आम्ही आधी झाकण उघडतो.”

फोन बंद झाला. तिने त्या ओळीपुढे खूण केली. अजून एकोणचाळीस होते. तिने पुढचा नंबर लावला.