बावखलातली बस आणि अकरा जनावरं

आरोपपत्र मराठीतच होतं, तरी वाचून झाल्यावर यमुनेने मला विचारलं, "अहो, हे तुमच्याबद्दलच आहे ना?" कारण त्यात माझं नाव एकदाच आलं होतं, पुढे सगळीकडे मी 'सदर चालक' होतो. सदर चालकाने ताबा सोडल्यामुळे कंपनीची बस गास गावाच्या वळणावर बावखलात गेली. ब्रेक तपासले असता व्यवस्थित आढळले. सबब सदर चालकास नोकरीतून बडतर्फ का करू नये, याचा खुलासा त्याने मंगळवारी अकरा वाजता चौकशीत करावा.

"सदर चालकाने मंगळवारी तोंड बंद ठेवावं," यमुना म्हणाली. "तुम्ही बोलायला लागलात की त्याचं कीर्तन होतं. आणि कीर्तन ऐकून कोणी कोणाला कामावर ठेवत नाही."

तिचं खोटं नाही. अर्नाळ्यापासून वसईपर्यंत कुठेही बुवा उभे राहिले की मी झांजा घेऊन पुढच्या रांगेत असतो. उत्तररंग रंगला की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं आणि शेजारचा माणूस उठून लांब बसतो. पण हे सगळं ड्युटी संपल्यावर. ड्युटी म्हणजे खोक्यांच्या कंपनीची बस. रोज सकाळी अर्नाळ्याहून निघायचं, वाटेत पॅकिंगच्या अकरा बायका आणि कटिंग मशीनवरचा व्हिन्सेंट यांना घ्यायचं आणि वसई पूर्वेच्या कारखान्यात सोडायचं. एकोणीस वर्षं. एकदाही खरचटलं नाही.

आता घडलं ते असं. गासच्या रस्त्यावर आधी डावीकडे मारुतीचं देऊळ लागतं. तिथे मी उजवा हात छातीला लावतो आणि परत स्टिअरिंगवर ठेवतो. पन्नास पावलं पुढे उजवीकडे क्रूस आहे, तिथे पुन्हा तसंच. देवादेवांत मी भेद करत नाही. आणि गिअर बदलतानाही एकच हात स्टिअरिंगवर असतो, त्याबद्दल कधी कोणी आरोपपत्र दिलं नाही.

त्या शुक्रवारी पाइप टाकायला रस्ता खणला होता, म्हणून बस मागच्या गल्लीतून घेतली. ती गल्ली बाहेर येते ती बरोबर दोघांच्या मधे. डावीकडे मारुती, उजवीकडे क्रूस, दोघंही एकाच क्षणी माझ्याकडे बघतायत! आधी कोणाला करू? एकाला उजवा आणि दुसऱ्याला डावा, हे तर शक्यच नाही. देवाला डावा हात दाखवलेला आईला खपत नसे. विचाराला अर्धा सेकंद मिळाला. त्या अर्ध्या सेकंदात मी दोन्ही हात जोडले.

बसला श्रद्धा नसते. रस्ता वळला, बस सरळ गेली.

वसईच्या वाड्यांमधून झाडांना पाणी द्यायला तळी खोदलेली असतात, त्यांना बावखल म्हणतात. हे बावखल फ्लॉसीबायचं. गणपती होऊन गेले होते, पाणी काठोकाठ. बस दिव्यांपर्यंत आत जाऊन थांबली आणि फ्लॉसीबायची चौदा बदकं एकदम ओरडली. लुसीच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण पिंकीच्या केसांत गेलं. बाकी कोणाला काही झालं नाही.

पण दीपिकाला पाचवा महिना होता. व्हिन्सेंटने तिला उचलून काठावर आणलं. दुपारी सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. त्या चार तासांत मी एकाही देवाचं नाव घेतलं नाही. कोणत्या तोंडाने घेणार? नंतर तिची सासू बाहेर आली, "बाळ ठीक आहे" म्हणाली आणि वर मलाच पाणी दिलं.

व्हिन्सेंट पुढच्या सीटवर बसतो. त्याने सगळं पाहिलं होतं. होळी गावचा माणूस, युनियनचं काम करतो, चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गातो आणि खालच्या पट्टीत शिव्या देतो. तो म्हणाला, "तू गप्प राहा. ब्रेक चांगला निघाला म्हणजे आता एकच वाट आहे, काहीतरी आडवं आलं पाहिजे. बायकांशी मी बोलतो."

"खोटं बोलायला लावतोस त्यांना?"

"त्या आधीच तयार आहेत. पिंकी तर केस धुवायच्या आधी तयार होती."

मंगळवारी अकराला मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. एसी इतका गार होता की माझे दात वाजत होते, आणि समोरच्यांना वाटलं असणार की मी घाबरलोय. तेही खरंच होतं. मधे चौकशी अधिकारी जितेश साहेब, बाहेरून आणलेले वकील. शेजारी कार्मिक विभागाच्या अश्लेषा मॅडम. शेवटचा निर्णय त्यांचा. एका बाजूला तक्रारदार म्हणून फ्लॉसीबाय, चर्चला जाताना नेसते ती साडी नेसून. माझ्या बाजूने बोलायला व्हिन्सेंट.

जितेश साहेबांनी चष्मा लावला. "बसमधल्या अकरा महिलांनी लेखी साक्ष दिली आहे. पहिली, पिंकी. 'अचानक कुत्रं आडवं आलं.' ठीक. दुसरी, लुसी. 'अचानक म्हैस आडवी आली.'"

ते थांबले. पुढचा कागद घेतला.

"'अचानक दोन शेळ्या.' पुढची. 'मुंगूस.' पुढची. 'बैल, एक शिंग मोडलेला.' हिने तर शिंगसुद्धा पाहिलंय. पुढची, 'डुक्कर आणि त्याची पिल्लं.' जेसिका, 'मोठं बदक.'"

"माझं बदक?" फ्लॉसीबाय उभीच राहिली. "माझी बदकं पान्यात होती! रस्त्यावर कशाला येतील, पगार घ्यायला?"

"बाई, बसा."

"बसते. पन बदकाचं नाव काढा तिथून."

व्हिन्सेंट माझ्या कानात म्हणाला, "मी फक्त जनावर म्हणालो होतो रे. कुठलं ते सांगायचं राहून गेलं."

आमचे बुवा म्हणतात, पूर्वरंगात झोपलेला माणूस उत्तररंगात नको तिथे टाळ्या वाजवतो. इथे अकरा जणी एकदम वाजवत होत्या, आणि त्या सगळ्या माझ्यासाठी.

"आर्या," साहेब वाचत होते, "'चार पायांचं होतं एवढं नक्की.' ही त्यातल्या त्यात हुशार. त्यानंतर एक माकड, एक घोडा. आणि शेवटची, दीपिका." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "'बिबट्या.'"

अश्लेषा मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खोकल्या म्हणावं, तर खांदे हलत होते.

"गासमध्ये बिबट्या?" साहेबांनी व्हिन्सेंटला विचारलं.

"साहेब, हल्ली बातम्यांत रोज दाखवतात."

"शेळ्या, डुक्कर, बदक आणि बिबट्या एकाच सेकंदाला एकाच वळणावर? आणि कोणी कोणाला खाल्लं नाही?"

"नोहाच्या तारवात तरी सगळे आत बसले होते," फ्लॉसीबाय म्हणाली. "इथे तारू पान्यात आणि जनावरं बाहेर."

आता मॅडमचा रुमालही पुरेना. मलाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात जितेश साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हसण्यासारखं आहे, मान्य. पण या अकरा खोट्या साक्षी आहेत आणि प्रत्येकीखाली सही आहे. चौकशीची दिशाभूल केली म्हणून या अकराही जणींना आरोपपत्र द्यावं, अशी शिफारस मला करावी लागेल."

मॅडमनी रुमाल खाली घेतला. "नियमाप्रमाणे द्यावंच लागेल," त्या हळू म्हणाल्या.

व्हिन्सेंटने टेबलाखालून मला लाथ मारली. म्हणजे गप्प बस. मी समोरच्या कागदाकडे पाहत होतो. दीपिकाने 'बिबट्या' दोनदा गिरवला होता, वाचताना कोणाची चूक होऊ नये म्हणून. जिच्या पोटाला त्या दिवशी काहीही झालं असतं, तिने माझ्यासाठी सगळ्यात मोठं जनावर आणलं होतं.

मी उठलो. "साहेब, काहीच आडवं आलं नाही."

"कृष्णा, खाली बस," व्हिन्सेंट म्हणाला.

"आधी पूर्वरंग सांगतो, म्हणजे तुम्हाला—"

"पूर्वरंग नको," मॅडम म्हणाल्या. "मुद्द्याचं बोला."

"मुद्दा असा, मॅडम, की डावीकडे मारुती आणि उजवीकडे क्रूस." मग मी सगळं सांगितलं. खणलेला रस्ता, गल्ली, डावा हात, आई. शेवटी हात कसे जोडले ते करूनही दाखवलं.

टेबलावरचा चष्मा साहेबांनी परत लावला.

"म्हणजे धावत्या बसमध्ये तुम्ही दोन्ही हात सोडलेत," जितेश साहेब म्हणाले.

"सोडले नाहीत साहेब, जोडले."

"स्टिअरिंगच्या दृष्टीने त्यात फरक काय?"

एकोणीस वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

उत्तर फ्लॉसीबायनेच दिलं. "अरे, तो क्रूस माझ्या सासऱ्याने बांधलाय. कोनी नमस्कार केला नाय तर तो काय कोनाच्या दारात भांडायला जातो? एवढा कशाला घाबरतोस त्याला?"

"घाबरत नाही हो, प्रेम आहे."

"प्रेम आहे तर उतरून ये. चालत ये, मेनबत्ती लाव, मी चहा देईन. बस कशाला आनतोस?"

अश्लेषा मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "कृष्णा, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. खरं बोललात, त्यामुळे त्या अकरा जणींचं मी बघते. तुमच्याबद्दल एवढंच. यापुढे गाडी चालवताना कुठल्याही कारणाने स्टिअरिंगवरून हात काढणार नाही, नमस्कारासाठी तर नाहीच, असं लिहून द्या. बस तुमच्याकडेच राहील."

व्हिन्सेंटने माझ्याआधी पेनाचं टोपण काढलं. मीही पेन घेतलं. 'मी लिहून देतो की' इथपर्यंत लिहिलं. मग मनातल्या मनात बस काढली, अर्नाळ्याहून थेट वसईपर्यंत. पहिलं देऊळ आलं. बघतो तर पेन टेबलावर पडलेलं आणि उजवा हात छातीवर.

"मॅडम, हे मला लिहून देता येणार नाही," मी म्हणालो. "माझा हात मला विचारून उठत नाही. बाकी कुठलंही वचन मागा, पण हे मोडेल, आणि मागे दीपिका बसलेली असते. मला बसवरून काढा. मी खोकी उचलीन."

"येशू, मारिया, जोसेफ!" व्हिन्सेंटने कपाळावर हात मारला. "माझ्या आयुष्यातली पहिली जिंकलेली केस, आणि हा गाढव ती परत करतोय!"

"हे जनावर मात्र कोणी लिहिलं नव्हतं," जितेश साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

बडतर्फी टळली. चालकपद गेलं, गोदामात मदतनीस म्हणून बदली झाली. बायकांना तोंडी समज मिळाली. अहवालात साहेबांनी लिहिलं की पुरेशा प्रकाशाअभावी साक्षीदारांना जनावर नीट ओळखता आलं नाही. सकाळी सात वीसला! मी तो कागद वाचला आणि मनातल्या मनात साहेबांना नमस्कार केला. बसून होतो, त्यामुळे धोका नव्हता.

घरी यमुनेने सगळं ऐकून घेतलं. "तोंड बंद ठेवा म्हटलं होतं."

"हो."

"गप्प बसला असतात तर त्या अकरा जणींवर आलं असतं?"

"हो."

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "खोकी उचलताना कंबरेला पट्टा बांधा." आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

सोमवारी बससाठी मी पहिल्यांदाच स्टॉपवर उभा राहिलो. नवा ड्रायव्हर रॉकी, अर्नाळ्याचाच, केस मागे वळवलेले, चेहऱ्यावर भलताच आत्मविश्वास. मी चढलो आणि पाय आपोआप माझ्या जुन्या सीटकडे वळले, खोटं कशाला सांगू. तर लुसी ओरडली, "काका, पुढे बसू नका, सवयीने स्टिअरिंगवर उडी माराल!" दीपिकाने सरकून मला खिडकी दिली.

मी मनाशी ठरवलं होतं की आज घाई करायची नाही. एकोणीस वर्षं सगळ्यांना जाता जाता उरकलं. आज एकेकाचं नीट दर्शन घ्यायचं, डोळे मिटून, दोन्ही हातांनी.

सगळे चढल्यानंतरच्या पहिल्याच वळणावर रॉकीने केस मागे सारायला डावा हात उचलला.

"हात!" मी ओरडलो.

"हात!" अकराही जणी ओरडल्या. दीपिकाचा आवाज सगळ्यांत मोठा.

रॉकीने दचकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं आवळलं की बोटं पांढरी पडली. पुढच्या सीटवरून व्हिन्सेंट त्याला शांतपणे म्हणाला, "नाक खाजलं तर सांग. आम्ही थांबू."

त्या दिवशी वाटेत किती देवळं गेली आणि किती क्रूस गेले, मला विचारू नका. कारखान्याचं फाटक येईपर्यंत मी रॉकीच्या हातांवरून नजर काढली नाही.