पडद्यावरचा आकडा

श्रद्धाचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. खाडीवरच्या धक्क्यावर क्रेन चालवणारे भिकाजी महिनाभर घरी बसले होते. महिन्यापूर्वी त्यांच्या क्रेनला टांगलेला लोखंडाचा गठ्ठा जागच्या जागी थांबला नाही आणि खालच्या ट्रकचा चुराडा झाला. ट्रकमध्ये कोणी नव्हतं, हे नशीबच. अहवालात 'चालकाचा हलगर्जीपणा' लिहून सगळे मोकळे झाले. आज चौकशीत त्यांची वीस वर्षांची नोकरी जायची होती.

क्रेनचा प्रोग्राम श्रद्धाच्या ऑफिसचा. ब्रेक उशिरा लागायचा त्यातला दोष तिनेच मार्चमध्ये दुरुस्त केला होता. ती नवी आवृत्ती, ५.२, बसवायला तिचे साहेब निलेश स्वतः गेले होते. चौकशीच्या खोलीत त्यांनी ठासून सांगितलं, "क्रेनच्या पडद्यावर ५.२ दिसतंय. आमचं काम चोख आहे."

"चोख?" श्रद्धाने लॅपटॉप अधिकाऱ्यांपुढे सरकवला. प्रोग्राम लिहिणारे फाइलीत आवृत्ती आणि तारखेची ओळ ठरावीक खूण करून लिहून ठेवतात. प्रोग्राम तयार झाला तरी ती ओळ त्याच्या पोटात तशीच राहते, आणि 'व्हॉट' नावाची जुनी कमांड नेमकी ती शोधून काढते. क्रेनमधून आणलेल्या फाइलीवर तिने ती सकाळी चालवली होती, आता सगळ्यांसमोर पुन्हा चालवली.

ओळ उमटली: ब्रेक नियंत्रण, ४.९, गेल्या वर्षीचा ऑगस्ट.

निलेश खालच्या आवाजात म्हणाले, "नवीन बसवायला क्रेन दिवसभर बंद ठेवावी लागते. जहाज उभं होतं, धक्केवाले ऐकेनात. म्हणून तेवढा पडद्यावरचा आकडा बदलला. नंतर बसवणारच होतो."

"आणि महिनाभर तोंड शिवून बसलात. लाज नाही वाटली?" श्रद्धा कडाडली. साहेब असले म्हणून काय झालं?

अधिकारी घाईघाईने म्हणाले, "भिकाजी, उद्यापासून कामावर या."

भिकाजी जागचे हलले नाहीत. ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "मी पयल्याच दिवशी सांगितला होता, ब्रेकचा दांडा येळेवर मागं घेतला. तवा साहेब, तुमी दारूच्या वासासाठी माझा तोंड हुंगून बगितलात."

श्रद्धाला त्यांच्याकडे बघवेना. पडद्यावरचं ५.२ बघून महिनाभर तिनेही त्यांनाच दोषी धरलं होतं.