पलंगाखालची बशी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, नुसता उकाडा. दारं-खिडक्या सताड उघड्या, म्हणून पलंगाखालूनही मला पुढची खोली दिसत होती. दिसली नसती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

मी उंदराचा पिंजरा बोलतोय. लोकांना वाटतं, पिंजरा म्हणजे दुष्ट. तसं नाही हो. मी मुळात भित्रा. एका पत्रेवाल्याने जुन्या डब्याचा पत्रा कापून, तारा ओढून मला केलं. पहिल्यांदा झडप पडली, तेव्हा त्या आवाजाला मीच दचकलो. आत उंदीर सापडला की त्याची धडधड माझ्या तारांतून फिरते. तो किती घाबरलाय आणि मी किती, हे वेगळं काढता येत नाही.

मला विकत आणलं खुर्च्या विणणाऱ्या आजोबांनी. त्यांची एक समजूत होती. उंदराचं नाव घेतलं की त्याला कळतं, मग तो पिंजऱ्याकडे फिरकत नाही. म्हणून घरात उंदराला म्हणायचे 'पाहुणा'. पाहुणे आले, सुतळी कुरतडून गेले, असं चाले. पाहुणा सापडला की आजोबा मला कढत पाण्याने धुवायचे, म्हणजे आधीच्याचा वास राहत नाही. पुढे त्यांचे गुडघे धरले, सुनेला वेळ होईना. वास राहिला, उंदीर शहाणे झाले. आकड्याला टोचलेला पावाचा तुकडा वाळून दगड झाला.

मग एकदा उंदराने झोपलेल्या सुनेच्या पायाचा अंगठा कुरतडला. ती हादरलीच. तिने विषाची पूड आणली, साखर घालून कणकेत मळली, सहा गोळ्या वळल्या आणि बशी माझ्या शेजारी ठेवली. सुट्टीला आजोळी आलेली नात बघत होती. सहा वर्षांची, येऊन दोनच दिवस झालेले. मामी तिला म्हणाली, "याला हात लावायचा नाही हं. पाहुण्यांसाठी आहे." घरच्या सवयीने बोलून गेली, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

तेवढ्यात शेजारचा शिंपी आजोबांचा नवा सदरा घेऊन आला. आठ दिवसांनी उगवला होता. आजोबांनी चिडवलं, "या पाहुणे, या. वाट चुकलात वाटतं."

पोर पलंगाखाली वाकली. तिचा हात माझ्या तारांना घासून गेला. ओरडावं म्हटलं, पण पत्र्याला आवाज कुठला? तिने बशी दोन्ही हातांनी उचलली, सांडू नये म्हणून जपून.

शिंपी आजोबांना सदरा घालून बाही दुमडत होता. ओठांत टाचण्या. पोरीने बशी त्याच्यापुढे धरली, "घ्या ना." त्याने मानेनेच हो म्हटलं, एक गोळी डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या हाताने टाचण्या काढून बाहीला लावू लागला. एक. दुसरी. तिसरी. ओठांत एकच उरली.

आजोबा कौतुकाने म्हणाले, "मामीने कधी केलं गं हे?"

"मगाशी. पलंगाखाली ठेवलं होतं, पाहुण्यांसाठी."

आजोबांचा हात कधी उठला ते त्यांनाही कळलं नसेल. शिंप्याच्या हातावर असा फटका बसला की गोळी उडून दाराशी पडली. मग ते नातीकडे वळले.

"तू खाल्लंस?"

ती रडवेली झाली. "नाही. पाहुण्यांच्या आधी नसतं खायचं. आई म्हणते."

तरी त्यांनी तिचं तोंड उघडून बघितलं, हात साबणाने तीनदा धुतले. सून धावत खाली आली. बशीत पाच, दाराशी एक. सहाच होत्या, म्हणाली.

गोळ्या शिंप्याने लांब नेऊन खोल पुरल्या. बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवली. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत गेलं. सुनेने मला कढत पाण्याने घासलं, ताजा तुकडा लावला. आता मी भिंतीला चिकटून बसलोय. कुणी आत येईल याची भीती, येणार नाही याचीही भीती. तुम्हाला एवढंच सांगतो, घरात उंदीर असेल तर त्याला उंदीरच म्हणा, आणि लहान हात पोहोचेल तिथे विष ठेवू नका. मला ठेवा. मी फार तर एखादं बोट चिमटेन.

त्या दिवशी जाताना शिंपी माझ्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, "सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तोंड वासून बसला होतास, बाबा, आणि एक शब्द बोलला नाहीस."